नसलेला पंप

माझं लग्न झालं तेव्हा पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक जुनी इटालियन गाडी विटांवर उभी होती. इवलीशी, दोन माणसांची. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात ती चिंचेखाली गंजत पडली होती. मी टेम्पोत घालून आणली. घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतंच, त्यात नवीन काही नव्हतं.

सासुरवाडी सायखेड्याची. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. कांदा-टोमॅटो करणारा साधा माणूस. लग्नाच्या गडबडीत त्यांच्या भावकीतल्या कुणीतरी शेडमधला सांगाडा पाहिला आणि गावभर झालं, आबांनी पोरगी भंगारवाल्याला दिली. आबांनी ते हसण्यावारी नेलं. बायकोने नाही नेलं. पहिल्याच आठवड्यात तिने मला बजावलं, "ही गाडी एकदा सायखेड्याला न्यायची. आबांना शेजारी बसवायचं आणि वेशीपासून नदीच्या घाटापर्यंत फिरवायचं. सगळ्यांनी बघितलं पाहिजे." गाडीत जागा दोनच, म्हणजे ती स्वतः ओट्यावर उभी राहून बघणार होती. त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होतो. रविवार तेवढा गाडीचा. खालचा पत्रा पापडासारखा हातात यायचा, तो नवा कापून जोडला. बुश, पिना, ब्रेकचे तुकडे लेथवर करून घेतले. आठ वर्षं गेली. दर दिवाळीला आबा विचारायचे, "जावईबापू, गाडी येती का मीच येऊ तिला न्यायला?"

इंजिन सुरू झालं आणि लक्षात आलं की पाणी फिरवायचा पंपच नाही. रेडिएटर इंजिनाच्या मागे, उंचावर, मधे दोन नळ्या, बस्स. कारखान्यातले तिघे मित्र मिसळ खायला जमले होते. चौघांचं एकमत झालं, कॅम्पातल्या कुठल्यातरी मेकॅनिकने पंप काढून विकला. त्या कधी न पाहिलेल्या माणसाला आम्ही पोटभर शिव्या दिल्या.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "पंप नसेलच कदाचित. आमच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनाला गार करायला नुसतं पिंप होतं. तापलेलं पाणी आपोआप वर चढून पिंपात यायचं, गार पाणी खालून इंजिनात जायचं. पिंप तेवढं वरच्या नळीपर्यंत भरलेलं लागायचं. आबा मला त्यासाठीच तिथे बसवायचे."

मी म्हणालो, "ते कांद्याच्या मळ्यातलं इंजिन. ही इटलीची गाडी आहे."

मित्र हसले. तिने कप उचलले आणि आत गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्याच दिवशी मोकळा सोडला.

पंप मी स्वतः केला. पितळेचा, आरशासारखा चकचकीत. डायनामोच्या पट्ट्यावर तो फिरायचा. आणि त्यात एक चूक केली, ती टर्नरच करू जाणे. लेथवर गार पाणी वरून खाली, कापल्या जाणाऱ्या लोखंडावर पडतं. हाताला बसलेल्या त्या सवयीने मी इथेही गार पाणी वरून इंजिनात सोडलं. आतलं तापलेलं पाणी वर जाऊ बघायचं आणि माझा पंप त्याला खाली रेटायचा. गल्लीत दोन फेऱ्या मारताना काही कळलं नाही. आम्ही आबांना निरोप धाडला, येत्या रविवारी येतो.

उन्हाळा होता. चांदोरीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ उसळली. बायको खाली उतरली. "तासभर निवू द्या," ती म्हणाली. "घाई नाही. आणि तो पंप काढून टाका."

पंप काढा म्हणाली, तिथेच माझं डोकं फिरलं. रेडिएटरचं झाकण काढलं आणि कॅनमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनात भडाभडा ओतलं. टक् असा बारीक आवाज आला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, तडकलं होतं. लोखंडात उभा जन्म गेलेल्या माणसाने हे केलं.

गाडी एका ढाब्याच्या आवारात ढकलली आणि काळीपिवळीत बसून आम्ही सायखेड्याला पोचलो. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, नवी टोपी. आजूबाजूला दहा-बारा माणसं. आम्हाला चालत येताना पाहून त्यांना सगळं कळलं. मी तोंड उघडायच्या आत तेच लोकांना म्हणाले, "गाडी म्याच लांब ठिवाया सांगितली. हितला रस्ता लय खराब हाय." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला, जेवून घ्या. यंत्र हाय ते, चालायचंच."

तसं हेड इथे कुठेच मिळेना. वेल्डिंग केलं, ते टिकलं नाही. अखेर द्राक्षं युरोपात पाठवणाऱ्या एका ओळखीच्या बागायतदाराने येताना कपड्यांत गुंडाळून एक आणलं. यात तीन वर्षं गेली. आबा दुसऱ्याच वर्षी गेले.

हेड बसवताना मी पंप काढला आणि नळ्या मुळात होत्या तशा जोडल्या. रेडिएटर काठोकाठ भरला. गाडी तापली नाही. नंतरही कधी तापली नाही. बायकोने 'मी सांगितलं होतं' असं एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आबांच्या श्राद्धाला आम्ही दोघं त्याच गाडीतून सायखेड्याला गेलो. माणसं गोळा झाली. आबांच्या बरोबरीचे एक म्हातारे काठी टेकत आले, गाडीभोवती फिरले, दाराला हात लावून बघितला. "आबा सांगायचा ती हीच का?" ते म्हणाले. "मला म्हनला, जावयानं घाटापतूर फिरवून आनलं. तवा मी आजारी व्हतो, माझं बघायचं ऱ्हायलं. काय ओ, खरंच बसला व्हता ना त्यो?"



"हो, बसले होते," बायको म्हणाली. "ह्यांच्या शेजारी."

मी पाणी बघायच्या निमित्ताने बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. मला रडू आवरत नव्हतं. ती बाहेर उभी राहून, आबा गाडीत कसे बसले होते, ते त्या म्हाताऱ्यांना सांगत राहिली.