झुडपातला गार्डा

माझं डोकं एका व्हॅनच्या ब्रेक-पेडलखाली होतं, पाय दाराबाहेर आणि दातांत टॉर्च. ऑटो-इलेक्ट्रिशियनचं निम्मं आयुष्य याच आसनात जातं. तेवढ्यात माझ्या बुटावर कुणीतरी टकटक केलं.

"हेमंत, तूच ना रे?"

मी टॉर्च काढून म्हटलं, "पायांवरून ओळखलंत?"

"घोट्यापाशी मोज्याला पडलेल्या भोकावरून. मंजिरी परवाच ताईला सांगत होती."

मंजिरी माझी बायको. ताई तिची मोठी बहीण. आणि बुटावर टकटक करणारे ते ताईंचे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू. त्यांना घरात सगळे 'डॉक्टर' म्हणतात, ताईसुद्धा. ते कॉर्कच्या हॉस्पिटलात. मी डब्लिनजवळ स्वोर्ड्सच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरी जोडणारा. आयर्लंडला आलो तेव्हा आम्ही तीन महिने त्यांच्याच घरात राहिलो होतो. त्यामुळे डॉक्टरांना 'नाही' म्हणायची सोय आमच्या घरात नाही. मंजिरीने ती सोय पहिल्याच आठवड्यात बंद केली.

डॉक्टरांच्या हातात एक काळा डबा होता. साबणदाणीएवढा.

"रडार डिटेक्टर," ते हळूच म्हणाले. "भाच्याने अमेरिकेहून पाठवलाय. पोलिसांच्या रडारचा वास याला एक किलोमीटर आधी लागतो. वाजतो. आपण ब्रेक मारायचा. हा तू मला हार्डवायर करून दे."

हार्डवायर म्हणजे काय, ते सांगतो. अशी यंत्रं सहसा सिगारेट-लायटरच्या भोकात प्लग घालून चालवतात. मग वायर डॅशबोर्डभर लोंबते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. हार्डवायर करायचं म्हणजे प्लग काढून टाकायचा, वायर छताच्या कापडाआडून खाली आणायची आणि थेट फ्यूज-बॉक्समधून वीज घ्यायची. बाहेरून वायर दिसत नाही. डॉक्टरांना तेच हवं होतं. कारण आयर्लंडमध्ये हा डबा गाडीत बसवणंच बेकायदा आहे.

"डॉक्टर, हे इथे चालत नाही."

"माहितीये. म्हणून तर तुझ्याकडे आलो. चालत असतं तर कुणाकडेही गेलो असतो."

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "नऊ पॉइंट झालेत माझे."

आता मी पेडलखालून पूर्ण बाहेर आलो. इथे वेगाने गाडी चालवताना पकडलं की लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट चढतात. तीन वर्षांत बारा झाले की सहा महिने गाडी बंद. डॉक्टरांना कॉर्कबरोबरच तासाभरावरचं आणखी एक हॉस्पिटल सांभाळायचं होतं. बोलावणं आलं की पोचायचं, आणि तिथे जाणारी बस दिवसातून दोनदा. आणखी एकदा पकडले गेले असते तर ते काम गेलंच असतं.

"मग हळू चालवा ना," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते 'साखर सोडणार नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे बघत असतील. "अरे, मला वेग कळतच नाही. रस्ते इतके गुळगुळीत, गाडी इतकी शांत. मी आपला केसचा विचार करत असतो. काटा एकशे चाळीसवर गेलेला असतो."

हे मात्र खरं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून एकदा कॉर्कला गेलोय. तेव्हापासून ट्रेनने जातो.

डबा माझ्या बेंचवर आणि गाडी गॅरेजमध्ये ठेवून डॉक्टर टॅक्सीने ओंगारला आमच्या घरी जेवायला गेले. अर्ध्या तासात मंजिरीचा फोन.

"अहो, डॉक्टर म्हणतात तुम्ही आढेवेढे घेताय?"

"बेकायदा आहे ते, मंजिरी."

"तीन महिने त्यांच्या बेडरूममध्ये झोपलो आपण. ते दोघं हॉलमध्ये सोफ्यावर. तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले होते?"

मागून आमची ईशा ओरडली, "बाबा, दॅट्स लाइक, अॅक्चुअली अगेन्स्ट द लॉ!" पंधरा वर्षांची मुलगी घरात असली की वकील वेगळा लागत नाही. पण मंजिरीने हे अपील तिथेच फेटाळलं आणि फोन ठेवला.

तोवर नोएल येऊन बेंचपाशी उभा राहिला होता. नोएल माझा बॉस. साठीचा, बुटका, चहाचा मग हाताला चिकटलेला.

"हेम, हे काय?"

"डॅशकॅम."

"मी पण बॅले डान्सर आहे," नोएल म्हणाला. "हे माझ्या गॅरेजमध्ये कुठल्याही गाडीत बसलं, तर त्याच्या मागोमाग तू पण फाटकाबाहेर. तुझा साडू असला तरी. काय म्हणतोस तू त्याला, ते 'साडू' म्हणजे काय असतं?"

"बायकोच्या बहिणीचा नवरा."

"माझ्याकडे असे चार आहेत," तो म्हणाला. "आमच्यात त्यांना शब्द नाही. बरंच आहे."

मग मी डोकं धरून बसलो. एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला तीन महिन्यांचा सोफा. समोर फडताळ, नोएलच्या भाषेत 'प्रेस'. त्यात एका ब्रेडवाल्या कंपनीच्या व्हॅनमधून काढलेले ओव्हरस्पीड बझर पडले होते. हे छोटं यंत्र आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते जीपीएसवरून ओळखतं आणि त्या रस्त्याची वेगमर्यादा ओलांडली की 'टीं-टीं' वाजायला लागतं. गाडी मर्यादेत आणल्याशिवाय थांबत नाही. ब्रेडवाल्यांच्या ड्रायव्हरांनी त्याला वैतागून संपाची धमकी दिली, म्हणून कंपनीने ते काढायला लावले होते. पूर्णपणे कायदेशीर वस्तू. आकाराने साबणाच्या वडीएवढी.

मी वडीकडे बघितलं. मग साबणदाणीकडे.

नोएलनेही बघितलं. त्याने हातातला चहाचा मग खाली ठेवला. त्याच्याकडे इतकी वर्षं काम करून हे मी प्रथमच पाहत होतो.

"हेम," तो म्हणाला, "कार्डावर लिही. शब्द न् शब्द."

आमच्याकडे 'नो कार्ड, नो जॉब' हा नियम आहे. साधा बल्ब बदलला तरी जॉब-कार्ड भरायचं: काय काढलं, काय बसवलं, कुठल्या फ्यूजवर. खाली गिऱ्हाइकाची सही. मी पिंपरीच्या कारखान्यातून आलेला माणूस, मला कार्ड भरल्याशिवाय जेवण जात नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गिऱ्हाइकाने दिलेल्या डब्यातला रडार डिटेक्टर काढून टाकला. त्याच डब्यात ओव्हरस्पीड बझर बसवून हार्डवायर केला.' इंग्रजीतच लिहिलं अर्थात.

काम दीड तासाचं. फ्यूज-बॉक्समध्ये दोन जातीचे फ्यूज असतात. काही फ्रीजसारखे, कायम चालू. काही पंख्यासारखे, किल्ली फिरवली तरच चालू. वीज घ्यायची ती पंख्यातून, नाहीतर गाडी उभ्या-उभ्या बॅटरी पिऊन टाकते. टेस्टरने पंखा शोधला, त्याच्यावर जोडफ्यूज चढवला, दुसरी वायर कोऱ्या लोखंडाच्या बोल्टखाली दाबली. खिडकीच्या खांबात एअरबॅग असते. वायर तिच्या मागून न्यायची, पुढून नेली तर अपघातात एअरबॅगच अडकते. बझरची भोकं डब्याच्या स्पीकरखाली बरोब्बर आली. डिटेक्टरची आतडी मी त्याच दिवशी काउन्सिलच्या रिसायकलिंगमध्ये एका जुन्या टोस्टरशेजारी सोडून आलो.

डॉक्टर गाडी घ्यायला आले ते फोनवर बोलतच. वॉर्डात कुणाचं तरी सोडियम उतरलं होतं.

मी कार्ड पुढे केलं. "डॉक्टर, वाचून सही करा."

"कुठे? इथे?" खर्रकन सही. "नाही सिस्टर, तुम्हाला नाही. हो, सलाइन चालू ठेवा."

मी पुन्हा म्हटलं, "एकदा वाचून घेतलंत तर..."

"अरे घरच्या माणसाचं काय वाचायचं!" आणि गेले.

नोएल त्यांच्या सहीकडे बघत म्हणाला, "युअर मॅनने वाचलं नाही." इथे 'तो गृहस्थ' म्हणायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात.

"डॉक्टर आहेत," मी म्हटलं. "ते फक्त दुसऱ्यांच्या सह्या घेतात."

खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो. खरंही फारसं बोललो नव्हतो.

त्याच संध्याकाळी फोन आला. "हेमंत! काय मशीन आहे! वाटेत कॅशेल गावाच्या आधी तीनदा वाजलं. मी लगेच हळू केली. झुडपात लपला होता गार्डा."

गार्डा म्हणजे इथला पोलीस. "दिसला तुम्हाला?"

"दिसत नाही म्हणूनच मशीन लागतं ना!"

पुढच्या आठवड्यात: "अरे, आमच्या हाउसिंग इस्टेटच्या तोंडाशीपण उभे राहायला लागलेत. पन्नासच्या रस्त्यावर! साठला गेलो की टीं." त्याच्या पुढच्या: "एका ठिकाणी पाच किलोमीटर थांबून-थांबून वाजत होतं. सगळं खातं रस्त्यावर उतरलंय बहुतेक." महिन्याभराने त्यांचा सूर बदलला. "एक गंमत सांगू? हल्ली वाजतच नाही फारसं. कंटाळले वाटतं ते लोक."

चार महिने एकही नवा पॉइंट नाही. ताई खूश, मंजिरी खूश. माझ्या ताटात न मागता दुसरी पुरणपोळी यायला लागली. फक्त भूलतज्ज्ञ मित्रालाही असंच मशीन हवंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी 'स्टॉक संपला' म्हणून सांगितलं. कधीतरी हे सगळं सांगायला हवं, असं मी दर रविवारी ठरवायचो. दर रविवारी पुरणपोळी यायची.

मग सासूबाई आल्या. दोघांच्याही, एकच. सांगलीहून, पहिल्यांदाच. डॉक्टर त्यांना आणायला विमानतळावर गेले. मी गॅरेजमध्ये. सकाळी अकराच्या सुमारास फाटकातून डॉक्टरांची गाडी आत आली आणि तिच्या मागोमाग गार्डाची गाडी.

डॉक्टर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मागून एक उंच गार्डा बाई उतरली. डब्यावर डिटेक्टरच्या कंपनीचं चकचकीत नाव तसंच होतं, ते तिने नाक्यावर काचेतून वाचलं होतं. हे कुणी बसवलं, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी अर्ध्या सेकंदात माझं नाव, गॅरेजचा पत्ता आणि माझी जेवणाची वेळही सांगून टाकली. माणूस एरवी पेशंटचं वय सांगत नाही कुणाला.

पुढच्या सीटवर सासूबाई. मांडीवर लोणच्याची बरणी. त्यांनी काच खाली केली. "जावईबापू, काय उद्योग करून ठेवलायसा दोघांनी मिळून?"

"काही नाही आई, तुम्ही बसा."

गार्डा बाई मला म्हणाली, "हे तू बसवलंस?"

"हो."

"रडार डिटेक्टर बसवणं गुन्हा आहे, माहितीये?"

"माहितीये."

डॉक्टर मराठीत पुटपुटले, "हेमंत, कोर्ट झालं तर डॉक्टरकीच्या नोंदणीच्या फॉर्मवर लिहावं लागतं रे. सगळं जाईल." त्यांनी माझी बाही धरली होती. रोज लोकांच्या मनगटाची नाडी धरणारा हात. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, डबा काढून बेंचवर ठेवला, चार स्क्रू उघडले. आत साबणाची वडी. नोएल तोवर ऑफिसातून जॉब-कार्ड घेऊन आलाच होता. आयुष्यभर या क्षणाची वाट बघत असल्यासारखा.

गार्डा बाईने कार्ड वाचलं. डब्यात बघितलं. परत वाचलं.

"म्हणजे हा... हे साहेब मर्यादा ओलांडतात तेव्हा वाजतो?"

"हो."

ती डॉक्टरांकडे वळली. "आणि वाजल्यावर तुम्ही काय करता?"

"लगेच हळू करतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "दर वेळी. अगदी शपथेवर."

"कधीपासून?"

"चार महिने."

गार्डा बाईला आमच्या टायरांच्या ढिगाकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहावं लागलं. तिचे खांदे हलत होते. नोएलने तिला चहा विचारला.

वळली तेव्हा चेहरा सरकारी होता. "खाली सही तुमची?"

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं आणि चार महिन्यांनी ते पहिल्यांदा वाचलं. वाचताना ओठ हलत होते. मग ते हळूच म्हणाले, "हो. माझीच."

"मग तुम्ही लेखी संमती दिली होती, सगळं समजून-उमजून," ती म्हणाली. "ग्रँड, ठीक आहे. डब्यावरचं ते नाव काढा, लोकांची दिशाभूल होते. आणि पुढच्या वेळी असलं पार्सल आलं तर घरातच नको आणायला." चहा अर्धा पिऊन ती गेली.

डॉक्टरांनी कार्ड नोएलला परत दिलं. मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कॅशेलचा, झुडपातला..."

"कुणी नव्हतं."

"आणि इस्टेटच्या तोंडाशी?"

"तिथेही नाही. तुम्हीच होतात, डॉक्टर."

सासूबाई बरणी सांभाळत उतरल्या. त्यांना मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी दोन्ही जावयांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "एक न वाचता सही करतोय, दुसरा न बोलता काम करतोय. पोरी शिकलेल्या हायत्या म्हणून चाललंय."

डॉक्टर माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मंजिरीने पुरणपोळीचं प्रमाण एकवर आणलं. बझर मात्र गाडीतून निघाला नाही. जुने पॉइंट मुदत संपून तीन-तीन करून गळाले, नवे चढले नाहीत, आणि दुसरं हॉस्पिटलही टिकलं.

पुढच्या वर्षी डॉक्टर सर्व्हिसिंगला आले. मी जॉब-कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला आणि वीस मिनिटं वाचलं, कागद उलटून मागची कोरी बाजूसुद्धा. नोएलचा चहा गार झाला. सही केल्यावर ते म्हणाले, "हेमंत, त्याचा आवाज थोडा कमी होईल का रे?"

"होईल. कार्डावर लिहावं लागेल."

"मग राहू दे."

या धंद्यात मी एवढंच शिकलो: नातेवाइकाला 'नाही' म्हणता येत नसेल, तर निदान ते स्पष्ट अक्षरात लिहावं आणि त्याची सही घ्यावी. तो वाचणार नाहीच. पण कुणीतरी वाचतं.