खोडरबर न लागलेला कागद

शनिवारी संध्याकाळपासूनच मला उद्याची धास्ती लागायची. रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या घरी चौघं जमायची, आणि त्यांत सगळ्यात घाबरलेली मी असायची. खरं तर घाबरायचं काम बाकीच्या तिघांचं. राक्षस माझे, गुहा माझ्या, पूर आणायचा मी. खेळ कागदावरचा, गोष्टीतला, आणि तो चालवणारी मी. त्यांनी आपापलं एक पात्र घेऊन त्यातून वाट काढायची आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरायचं.

हे खूळ घरात आणलं माझ्या बहिणीच्या मुलानं. इंजिनिअरिंगसाठी तो कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आला, तो वीस बाजूंचे फासे आणि नियमांची जाडजूड पानं घेऊनच. त्याला खेळायचं होतं, चालवायचं नव्हतं. "मावशी, तू नकाशे काढतेसच की," म्हणून त्यानं मला कामाला जुंपलं. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंगं काढते. आकड्यात केसाएवढी चूक राहिली तरी मला जेवण गोड लागत नाही. अशा बाईच्या हातात राक्षस देऊच नयेत.

खेळायला भाचा, त्याच्या वर्गातला एक मित्र आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण हातकणंगल्याजवळच्या गावात दिलेली. सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत दूध मोजून घेते, त्याची फॅट तपासते. लग्नानंतर आम्ही वर्षातून एकदा भेटायचो, तेही कुणाच्या बारशाला नाहीतर बाराव्याला, आणि दोन्हीकडे बोलायला सवड नसायची. एकदा मी तिला सहज खेळाबद्दल सांगितलं, तर म्हणाली, "येतो की." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही येतो-जातोच म्हणतात. तेव्हापासून दर रविवारी ती दोन दुधांच्या मधल्या वेळात स्कूटरवरून यायची आणि साडेचारला निघायची. हे अडीच तास मला आठवडाभर पुरायचे. ते जाऊ नयेत एवढंच मला हवं होतं.

खेळात प्रत्येकाला एक पेशा असतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार. खेळत जाल तशा पायऱ्या चढता येतात आणि प्रत्येक पायरीला पेशा काहीतरी नवं देतो. मनात आलं तर वाटेत दुसरा पेशाही धरता येतो, मग पायऱ्या दोघांत वाटल्या जातात. मैत्रिणीनं तीन पायऱ्या तलवार चालवली आणि चौथीला जादू शिकायची म्हणून हटून बसली. तिला हवा होता तो एकच मंत्र, मोडलेली वस्तू सांधायचा. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही. भाच्यानं तिला तसं सांगितलंही.

"तलवार चालवून घरी आल्यावर फुटकं-तुटकं कोण सांधणार हाय?" ती म्हणाली. "मलाच बघाय लागतंय न्हवं?"

आम्ही हसलो आणि मी कागदावर जादूगार लिहिलं. इथं मी गोत्यात आले.

पाचवी पायरी ही या खेळातली मोठी उडी असते. भाच्याच्या जादूगाराला आगीचा गोळा मिळाला, एका दमात आठ शत्रू भाजणारा. मित्राचा लढवय्या एका पाळीत दोनदा वार करू लागला. मैत्रिणीच्या पाच पायऱ्या तीन आणि दोन अशा वाटलेल्या. तिला ना गोळा मिळाला, ना दुसरा वार. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मी आपली रोज जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिघांच्या माराची सरासरी काढत बसायची. कसंही मांडलं तरी ती निम्म्यावर यायची.

पुढच्या रविवारी ती जांभई देताना दिसली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं दोनदा मोबाईल बघितला आणि "दुधाचं बघाय पायजे," म्हणत दहा मिनिटं आधीच उठली. झालं. माझ्या मनानं घेतलं की आता ही कंटाळली, आता एक दिवस फोन येणार आणि मग आम्ही पुन्हा बारशाला भेटणार.

खेळ चालवणाऱ्यानं आपले फासे आडोशाला टाकायची रीत असते. माझ्यापुढे जुन्या कॅलेंडरच्या दोन पुठ्ठ्यांचा आडोसा होता. त्यामागे मी लबाडी सुरू केली. तिची तलवार लागली की राक्षसाचा जीव मी गुपचूप कमी करायची, म्हणजे तो तिच्याच हातून पडावा. आणि राक्षस तिच्यावर जायचेच नाहीत. गेले तरी फाशावर काहीही पडो, मी म्हणायची, "चुकला." मला वाटलं, कुणाला कळतंय.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी एक दगडी राक्षस भाच्याच्या आगीत भाजून निघाला, त्यानं मित्राचे दोन वार खाल्ले, तरी उभा. मग मैत्रिणीनं एक साधा वार केला आणि मी म्हणाले, "पडला!"

भाचा टेबलाखाली पाय हलवत बसला. मैत्रिणीनं आपला कागद उचलला आणि भाच्याच्या कागदाशेजारी ठेवला. खेळात पात्राला मार बसला की जिवाचा आकडा खोडून नवा लिहावा लागतो. भाच्याच्या कागदाला त्या जागी खोडून खोडून भोक पडायला आलं होतं. मित्राचा कागद काळा झाला होता. तिच्या कागदावर एकतीस हा आकडा तीन रविवारांपूर्वी लिहिला तसाच होता, स्वच्छ.

"खोडरबर लागलंच न्हाय माझ्या कागदाला," ती म्हणाली.

मी पुठ्ठा सरळ करू लागले.

"मला कच्चा लिंबू केलंस व्हय गं?"

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, पर्स घेतली आणि गेली. तेव्हा चार वाजायला पाच कमी होते.

कच्चा लिंबू म्हणजे काय हे माझ्याइतकं आणि तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लहानपणी मला दम्याचा त्रास होता. गल्लीतली पोरं मला खेळात घ्यायची, पण कच्चा लिंबू म्हणून. म्हणजे पळा, लपा, काहीही करा, तुम्ही आऊट होत नाही आणि तुमच्यावर कधी राज्य येत नाही. दोन वर्षं मी अशी पळत होते. मला कुणी शिवायचं नाही, शिवलं तरी मोजायचं नाही. मग एक दिवस या पोरीनं मला पाठीत धपका घातला आणि म्हणाली, "आऊट." बाकीची ओरडली की अगं, ती कच्चा लिंबू हाय. तर म्हणाली, "धाप लागली तर बसंल की. आऊट म्हंजे आऊट." त्या दिवशी मी विजेच्या खांबाकडे तोंड करून शंभरपर्यंत आकडे मोजले. मोजताना रडत होते, आणि ते आनंदानं, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

आणि तिलाच मी कच्चा लिंबू केलं होतं. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी मी मेसेज टाकला, चुकलं म्हणून. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. मंगळवारी फोन केला, उचलला नाही. दुधाची वेळ असेल म्हणून दुपारी केला, तरी नाही. हातकणंगल्याला जाऊन यावं असं दोनदा वाटलं आणि दोनदा भीती वाटली की ती दारातच म्हणेल, "कशाला आलीस?" मग मी मला येतं तेच केलं, ड्रॉइंगच्या कागदावर एक नियम लिहिला. ज्यांनी पेशे वाटून घेतलेत, त्यांच्या सगळ्या पायऱ्या मिळून पाच झाल्या की दोन्हींपैकी एका पेशाची पाचवीची देणगी मिळेल. भाचा म्हणाला, "मग सगळेच दोन पेशे घेतील की." खरं होतं. मी खाली लिहिलं, पण ती दिवसातून एकदाच वापरता येईल. मग एकदा पुरेल का याची काळजी. गुरुवारपर्यंत तो कागद मी सात वेळा खोडला.

रविवारी दोन वाजले, सव्वादोन झाले. भाचा म्हणाला, "सुरू करायचं का?" मी म्हणाले, थांब. अडीचला खाली स्कूटर थांबली. ती वर आली, पाणी प्यायली आणि माझा नियम उभ्यानंच वाचला.

"ह्यो नेम समद्यांना हाय, का एकट्या मला?"

"सगळ्यांना. दोन पेशे घेईल त्याला."

"मग बरा हाय." ती बसली आणि कॅलेंडरचे पुठ्ठे टेबलावर आडवे केले. "आता फासं हितं टाक. समद्यांम्होरं."

दरडीतून राक्षस आला. कुणावर जायचं तेही मी फाशावर सोडलं, आणि पडलं तिच्यावर. घाव बसला, एकतीसातले सतरा गेले. तिनं भाच्याकडून खोडरबर मागून घेतलं आणि जोर लावून खोडलं. आपल्या पाळीला तिनं नवी देणगी वापरली. दोन वार, एक लागला, एक हुकला. राक्षस उभाच राहिला. पुन्हा फासा, पुन्हा तीच. मी फासा टाकला, तो पुठ्ठ्याला लागून थांबला. एकोणीस, म्हणजे घाव नक्की.

"मावशी, पुठ्ठ्याला लागला तो," भाचा घाईनं म्हणाला. "परत टाक ना."

माझा हात फाशाकडे गेलाही. तिनं तो धरला.

"पडला त्यो पडला. आता मार किती त्ये सांग."

माराचे फासे मी तिच्यासमोरच टाकले. "सोळा."

तिच्याकडे चौदा उरले होते. तिनं ते खोडले, शून्य काढलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"आऊट," ती म्हणाली. "आता कसं!"

उरलेला तासभर तिचं पात्र जमिनीवर पडून होतं आणि ती दोघा पोरांना इकडून ये, तिकडून मार, असं ओरडून सांगत होती. मोबाईल पर्समध्येच राहिला. चार चाळीस झाले तेव्हा मीच म्हणाले, दूध. ती चपला घालताना म्हणाली, "फुडच्या रविवारी जगतीया का मरतीया त्यो फासा मी टाकणार. तू हात लावायचा न्हाय."

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला. भाचा फासे गोळा करत होता. मी तिचा कागद घेतला आणि शून्याच्या जागी बोट फिरवलं. तिथं कागद खरखरीत झाला होता. मला रडू आलं. भाच्याला वाटलं, तिचं पात्र पडलं म्हणून.