कट्ट्यावरचा पासवर्ड

"वायर तुम्ही काढली?"

"व्हय, काढली. आन् परत लावायची न्हाय."

"अप्पा, मी मीटिंगमधे बोलत होते! मधेच गायब झाले. साहेबांना वाटलं, मुरुम गावातली लाईट गेली."

"वाटू दे. जगातले सगळे वायफाय फुटलेत म्हणं. मोबाईलवर आलंय. कुणीबी घुसतंय आन् ब्यांक साफ करतंय. माझं पेन्शन गेलं तर तुझा साहेब देणार हाय का?"

शंकरप्पांनी वायफायचा डबा पोटाशी धरला होता आणि वायरीचं टोक त्यांच्या मुठीत होतं. शिवगंगा दारात कमरेवर हात ठेवून उभी. लेकीची ही उभं राहायची तऱ्हा थेट तिच्या आईची होती, त्यामुळं शंकरप्पांनी नजर डब्यावरच ठेवली.

"बातमी खोटी न्हाय," ती आवाज जरा खाली आणून म्हणाली. "वायफायमधे चूक सापडलीय. पण चोराला त्यासाठी आपल्या गल्लीत यावं लागतंय, भिंतीपाशी. लातुरात बसून जमत न्हाय त्याला. आलाच, तरी ब्यांकेच्या ॲपला त्याचं स्वतःचं कुलूप असतंय. आणि डब्यातल्या चुकीवर डबा करणाऱ्या कंपनीनं दुरुस्ती पाठवलीय, ती मी सकाळीच डब्यात घेतली. एवढ्यासाठी वायर उपटायची?"

"मग काळजीच न्हाय म्हण की!"

"आहे ना. पण ती चोराची न्हाय, तुमची आहे."

शंकरप्पांनी डबा खाली ठेवला. "माझी?"

"आत्ता या डब्यावर कुणाकुणाचे मोबाईल चालू होते, बघितलंय मी. आपले दोन, बाकी डझनभर परके. हे कोण?"

आता यावर माणूस काय सांगणार? शंकरप्पांची उभी नोकरी एसटीत कंडक्टरकीत गेली. उमरग्याहून सुटलेली गाडी मुरुमला येईस्तोवर दारात लोंबकळायला लागायची. खाली कुणी हात केला की ड्रायव्हर मागं बघायचा आणि शंकरप्पा ओरडायचे, "घे रे! सरका पुढं, सरका, बाई हाय लेकराची!" फलाटावर माणूस ठेवून बेल मारली, असं त्यांच्या हातून घडलं नाही. निवृत्त झाले, तसा घरापुढचा कट्टाच त्यांची गाडी झाला. आला गेला टेकायचा, शंकरप्पा आतून तांब्या आणायचे. बायको गेल्यावर तर कट्टा भरलेला नसला की त्यांना जेवण जाईना. ते ऐकून शिवगंगा पुण्याची खोली सोडून आली. दवाखान्यांच्या विम्याचे कागद तपासायचं तिचं काम घरूनच चालायला लागलं आणि त्यासाठी हा डबा भिंतीवर चढला. तेव्हापासून शंकरप्पा पाण्याच्या तांब्याबरोबर पासवर्डही द्यायला लागले. "शंकर लिव्हा, पुढं एक ते आठ आकडे." वेल्डिंगवाल्या आयुबला दिला, त्याच्या लेकीला, हुमेराला दिला, शेजारच्या नागप्पाच्या जावयाला दिला. सोलापूरहून चादरी विकायला आलेला माणूस सावलीला टेकला, त्यालाही दिला.

"तहानल्याला पाणी न्हाय म्हणतो का आपण?" ते शेवटी म्हणाले.

"पाणी पिऊन माणूस जातो, अप्पा. हा घरात येऊन बसतो. चोराला कशाला लागतेय चूक? तुम्हीच त्याला कट्ट्यावर बसवून आकडे सांगताय. उद्या एखाद्यानं आपल्या लाईनीवरून काही भलतं केलं, तर पोलीस कुणाच्या नावानं हाक मारतील?"

"गल्लीतली पोरं हायेत ती. उघडीनागडी खेळलेली बघितलीत म्या."

"चादरीवालापण?"

शंकरप्पा वायरीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"हुमेराला अभ्यासाला नेट लागतं, तिच्यापुरती वेगळी लाईन काढून द्यायची, तर या जुन्या डब्यात ती सोय न्हाय. नवा सांगितलाय, पण तो यायला वेळ आहे." ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "माझ्याकडं लोकांच्या आजारपणाचे कागद असतात. सोमवारी माझ्या कंपनीचा माणूस घरचं वायफाय तपासणार. परकं कुणी दिसलं, की घरून काम बंद. मग परत पुणं. मला इथं राहायचंय, अप्पा."

तिनं वायर लावली. नवा पासवर्ड तिनं शंकरप्पांच्याच बोटानं टाकून घेतला. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, मधे चिन्ह. दोनदा चुकले. "हे तर मलाच ध्यानात राहायचं न्हाय," ते कुरकुरले, पण राहिला. आयुष्यभर तिकिटं फाडलेला माणूस, आकडे त्यांना चिकटायचे.

"कुणालाबी न्हाय," शिवगंगा म्हणाली.

"कळलं की. एकदा सांगितलं ना!"

दुपारभर ते कट्ट्यावर गेलेच नाहीत. बाहेरून नागप्पाच्या जावयानं हाक मारली, तर यांनी झोपल्याचं सोंग घेतलं. ऊन कललं तशी चपलांची चाहूल लागली आणि हुमेरा उंबऱ्याशी आली. खांद्याला पुस्तकांची पिशवी, हातात काच तडकलेला मोबाईल.

"काका, नेट लागंना झालंय. नर्सिंगची सराव परीक्षा हाय, आता सुरू होईल. अब्बांचा रिचार्ज संपलाय. तुमचा पासवर्ड बदलला का?"

शंकरप्पा उठून बसले. आतल्या दारात शिवगंगा आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका?"

"बस की पोरी," त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं. "पाणी आणू?"

"पाणी नको, काका. पासवर्ड सांगा. दहाच मिनिटं राह्यलीत."

"अप्पा," शिवगंगा मागून हळूच म्हणाली, "सांगणार आहात का?"

शंकरप्पांनी एकदा आतल्या दाराकडं पाहिलं, एकदा उंबऱ्याकडं. खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर चढवली, चपला पायात सरकवल्या. हुमेरा वाट द्यायला बाजूला झाली, मोबाईल पुढं धरूनच. ते तिच्या शेजारून खाली उतरले आणि मान खाली घालून, बाजाराचा दिवस नसताना बाजाराच्या दिशेनं चालू लागले.