आईनं न पाहिलेला घाट

थांबा, हे मले आत्ताच सांगू द्या. मावशीच्या अंगणात उभी राहून टाईप करून राहिली आहे, आतून जेवायले हाका येऊन राहिल्या तरी.

आम्ही सौसरचे, मावशी छिंदवाड्याले. दर उन्हाळ्यात बाबा गाडी काढते अन् आम्ही तिघं तिच्याकडे जातो. रामाकोना मागं पडलं का थोड्या वेळात घाट लागते, अन् घाट लागला का आईले गाडी लागते. म्हणून आमचं ठरलेलंच आहे. आई संत्र्याचं वाळलेलं साल नाकाशी धरून डोळे मिटते, बाबा कुठंच न थांबता घाट काढते, अन् वर सपाटी आली का मी सांगते, झालं आई. मग ती डोळे उघडते. माह्या जन्माच्या आधीपासून हेच चालू आहे. म्हणजे माह्या आईनं हा घाट पाहिलाच नाई. एकदाबी नाई.

यंदा मैत्रिणीनं मले तिचा कॅमेरा दिला. निघायच्या आधी भाजी निवडता निवडता आईनं हळूच विचारलं, का यावेळी माह्यासाठी घाटाचे फोटो काढशील का, घरी आरामात पाहीन. तिनं माह्याकडे कधी काही मागतलं नव्हतं हो. मी त उड्याच मारल्या.

आज पहिल्या मोठ्या वळणावर बाबाले थांबा म्हटलं. ते नाई म्हणाले. थांबलो त घाट लांबते, तुह्या आईले तेवढाच जास्त त्रास. मिटल्या डोळ्यांनी आईच बोलली, थांबा ना वो, काढू द्या तिले.

बाबानं गाडी बाजूले घेतली, चाकामागं गोटा लावला. मी धावत कठड्याशी. खाली सागाचं उघडं जंगल, मधात कुठं कुठं मोहाची तांबडी पालवी, अन् मागं डोंगरामागं डोंगर, शेवटचा त हवेतच विरघळलेला. काढत सुटली मी. पण स्क्रीनवर पाहते त सगळं पांढुरकं! मागचे डोंगर गायबच. आडवा काढला, उभा काढला, त्या भर उन्हात काहीच येईना. रडूच आलं मले. एवढंच त मागतलं होतं तिनं.

तरी गाडीशी आली अन् कॅमेरा खिडकीतून आत केला. गाडी थांबली म्हणून आईनं डोळे उघडले, पण खाली मान घालून नुसती स्क्रीनच पाहून राहिली. चांगला आहे म्हणाली, मले बरं वाटावं म्हणून. मग बोट ठेवलं.

"हा पांढरा पट्टा काय आहे वं?"

"रस्ता आहे. आत्ता आपण आलो तो."

"कुठून?" म्हणाली, अन् जुळवून पाह्यले तिनं मान वर केली.

बस. मान वरच राहिली. मग दार उघडून ती उतरली, कठड्यापाशी गेली, साल हातात तसंच. चक्कर नाई, मळमळ नाई. चालत्या गाडीचा त्रास तिले, डोंगराचा थोडीच! इतक्या वर्षांत आमच्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. बाबा तिच्या काळजीनं गाडी पळवत राहिले, अन् आमचा खोळंबा नको म्हणून ती डोळे मिटत राहिली.

मग कठड्याले धरून बोलली, "एवढा मोठा आहे? अन् मी आपली साल हुंगत बसली."

बाबानं वाकून चाकामागचा गोटा काढला, तो फेकला नाई, गाडीतच ठेवला. पुढच्या वळणावर मी काही म्हणायच्या आधीच गाडी थांबली. "उतर वं," आईले म्हणाले, "इथून अजून चांगलं दिसते."

मग काय, थांबत थांबतच आलो. मावशी रागावली, भाजी थंड झाली. माह्या कॅमेऱ्यात एकच फोटो बरा आहे. डोंगर त्यातबी पांढुरकेच, पण समोर आईची पाठ आहे, पदर वाऱ्यानं उडून राहिला आहे, अन् बाजूले बाबा गोटा घेऊन उभे.

तुमच्या घरी बी असं कोणी आहे का, ज्याच्यासाठी गाडी कधी थांबलीच नाई? अन् थांबली त काय झालं? सांगा ना.