बारा सेकंद चौदा

माझा अंगठा उशिरा दाबतो हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही माझ्या नातीकडून.

आमचं गाव ओतूरजवळ. शेत आहे, कांदा साठवायची बराख आहे आणि गोठ्यात शर्यतीचे चार बैल आहेत. मी चौथीपर्यंत शिकलो, पण बैलातलं मला कुणी शिकवू नये. आमच्याकडं शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढं एक घोडी, घोडीवर स्वार. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ बैलांनी ओलांडली की बंद. त्या एका धावेला बारी म्हणायचं. आमच्या घाटात बारी बारा सेकंदांच्या आत आली तर पहिला नंबर, बारा लागले की दुसरा. दिवसभरात सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा. माणूस शिंकून नाक पुसेपर्यंत खेळ संपतो, आणि त्यासाठी आम्ही वर्षभर बैलांना खाऊ-पिऊ घालतो. मधे बरीच वर्षं शर्यती बंद होत्या. तेव्हाही मी दावण रिकामी केली नाही. लोक म्हणाले, म्हातारा हट्टी आहे. आहेच.

नात म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. आता एकोणीस वर्षांची आहे. पाच वर्षांची होईस्तोवर बोलली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे, मुलगी स्वमग्न आहे. मुलगा आणि सून परत आले ते पायरीवरच बसून राहिले. मी म्हणालो, "आपल्या घराण्यात असलं काय नाय. बोलंल उद्या." पुढची दोन वर्षं तो शब्द मी घरात काढू दिला नाही. पोरीला शिकवलं, बोलतं केलं ते सुनेनं एकटीनं. हे लिहायला मला जड जातं, पण खरं आहे.

तिला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच ती उठून परसात जायची. आधीच, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. ताट ठरलेलं, जागा ठरलेली. नवी चप्पल पायात जायला महिना लागायचा. माझं शर्यतीचं, अंगठ्यानं दाबून चालू-बंद करायचं घड्याळ मात्र तिला आवडायचं. ते हातात घेऊन पळते आकडे बघत तासन्‌तास बसायची.

दहा-अकराची असेल तेव्हाची गोष्ट. मी मोकळ्या रानात बैलांचा सराव घेत होतो. ती बांधावर बसलेली. बैल पळाले, मी घड्याळ दाबलं. तेरा सेकंद चाळीस. बांधावरून आवाज आला, "तेरा एकतीस."

मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या खेपेला घड्याळात तेरा बावीस, तर ती म्हणाली तेरा तेरा. तिसऱ्यांदाही तसंच, माझ्यापेक्षा नऊ कमी. मला राग आला. दुसऱ्या दिवशी माझ्या दोस्ताला बोलावलं. हा एसटीतला निवृत्त कंडक्टर, आजूबाजूच्या घाटांवर घड्याळ धरायला त्यालाच बसवतात. त्यानं स्वतःचं घड्याळ आणलं. सहा खेपा घेतल्या. त्याचा आकडा आणि पोरीचा आकडा सहाही वेळा जवळजवळ एक. माझा मात्र लांब.

दोस्त पोट धरून हसला. "राव, पोरगी बरूबर हाय. तुझा अंगठाच म्हातारा झालाय!"

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी पोरीला विचारलं, "बाय, तुला कसं कळतं गं?"

ती म्हणाली, "चालू असतं."

यापेक्षा जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग मला मस्ती चढली. ज्या घराण्यात "असलं काय नाय" म्हणालो होतो, त्याच घराण्याची ही करामत मी सगळ्यांना दाखवायला लागलो. पाहुणा चहाला टेकला की, "पावणं, टाळी वाजवा. वाटंल तवा दुसरी वाजवा. बाय, सांग." ती सांगायची आणि उठून जायची. एक दिवस सून चुलीपुढून म्हणाली, "बाबा, ती काय जत्रंतला खेळ हाय का?" मी म्हणालो, मी कौतुक करतो. सून म्हणाली, "कुणाचं?"

एकदा सून आणि कान झाकलेली नात बरोबर असताना ओतूरच्या बाजारात एक बाई भेटली. तिचा मुलगाही असाच. तिनं माझ्या नातीचं ऐकलं होतं. विचारत होती, "आमच्या पोरात काय आसंल वं?" मी छाती फुगवून म्हणालो, "हुडका, सापडंल." बाई गेल्यावर सून मला बाजारातच बोलली. "समद्यांत नसतं असं, डॉक्टरांनी तवाच सांगितलं व्हतं. तिच्या पोरात नाय सापडलं तर त्यानं काय घर सोडायचं? आन् आपल्या पोरीत नसतं, तर तुमी तिला बाजारात संगं आणली असती का?" मी मेथीची जुडी उलटीसुलटी करत राहिलो. तरी माझी बढाई थांबली नाही. घाटावर, सोसायटीत, चहाच्या टपरीवर माझं एकच वाक्य असायचं, "घड्याळ चुकंल, माझी नात चुकायची नाय."

गेल्या यात्रेत हेच वाक्य माझ्यापुढं येऊन उभं राहिलं.

घाट आमच्या घरासमोरच्या चढावर आहे. कर्ण्यामुळं नात तिकडं येत नाही. कानाला आवाज अडवणारे गोळे लावून गच्चीवर बसते. तिथून खालचं निशाणही दिसतं आणि वरची रेघही. त्या दिवशी शेजारच्या गावच्या एका तरण्या शेतकऱ्याची बारी अकरा शहाण्णव झाली होती, तीच सगळ्यांत वरचढ. शेवटी माझा गाडा सुटला. धुरळाच धुरळा. आणि कर्ण्यावर आवाज, "अकरा सेकंद ब्याऐंशी!"

घाटाचा राजा. चाळीस वर्षं जुंपतोय, हे कधी झालं नव्हतं. गुलाल पडला, भावकीनं खांद्यावर घेतलं, हातात ढाल दिली. हलगी फाटकाबाहेर थांबवून आम्ही दहा-बारा जण घरात आलो. नात खाली आली होती, कानातले गोळे हातात. मी ढाल वर धरली. "बाय, अकरा ब्याऐंशी!"

ती म्हणाली, "बारा चौदा."

माझा चुलतभाऊ हसला. "आगं, घड्याळात आलंय. समद्या गावानं ऐकलं."

"बारा चौदा."

"आज चुकली व्हय पोरगी! जाऊ द्या, तिला काय कळतंय," दुसरा एक जण म्हणाला.

सगळे हसले. ती हसणाऱ्यांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. एरवी ती कुणाच्या डोळ्यात बघत नाही. आणखी दोनदा "बारा चौदा" म्हणाली, मग हात दाबत गच्चीवर निघून गेली. सून आम्हाला चहा देत राहिली. काही बोलली असती तर मी भांडलो असतो.

आठ वर्षं मी तिच्या नावानं मिरवलो. आज मी "चुकली" म्हणालो असतो तर तिच्याजवळ जे आहे ते खोटं ठरलं असतं, आणि माझ्याच तोंडून. आणि ती चुकली नसेल तर मी राजा नव्हतो. मी चहा अर्धा ठेवला आणि ढाल घेऊन निघालो.

"आरं, कुठं चालला? गुलाल पडला, आता काय?" चुलतभाऊ ओरडला.

"गुलाल धुता येतो," मी म्हणालो.

मांडवात दोस्त घड्याळं पेटीत भरत होता. मी म्हणालो, माझी बारी परत बघ. तो चिडला. "स्वतःची बारी स्वतः खोटी पाडणारा तू पयलाच बघतोय मी." पण वरच्या रेघेवर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. आम्ही पाच-सहा डोकी त्यात घातली. एकानं ते हळू करून दाखवलं. धुरळ्यातून आधी घोडी आली, रेघ ओलांडून गेली, आणि त्याच घडीला कडेला बसलेल्या दोस्तानं अंगठा दाबला. माझे बैल त्यानंतर आले. त्यानं घोडीवर घड्याळ बंद केलं होतं.

दोस्त खाली बसला. "आजवर असं झालं न्हवतं, राव. धुरळ्यात पाय दिसलं आन् दाबलं."

"माझा अंगठा म्हातारा," मी म्हणालो, "आन् तुझा लई तरणा. घोडी दिसली की धीर धरवत नाय."

मग तोही हसला आणि बाकीचेही. घोडी आणि बैल यांच्यातला वेळ मोबाईलवर मोजून घड्याळातल्या आकड्यात मिळवला, तेव्हा बारा पंधरा ठरलं. म्हणजे मी दुसऱ्या नंबरात. तो तरणा शेतकरी टेम्पोत बैल चढवत होता. त्याच्या हातात ढाल दिली तर त्याला आधी चेष्टाच वाटली. मग पाया पडायला लागला. मी म्हणालो, "माझ्या नाय, आमच्या नातीच्या पड. पण लांबून. तिला जवळ आलेलं आवडत नाय."

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. आधी नळाखाली डोकं धरलं, कारण गुलालाचा वास तिला चालत नाही. गच्चीवर गेलो. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. सकाळपासून जेवली नव्हती.

"बाय," मी म्हणालो, "तू बरूबर व्हती. घोडीवर दाबलं त्यांनी. मोबाईलवर बारा पंधरा आलं."

ती थांबली.

"चौदा," ती म्हणाली.

मी हट्टी माणूस. पाच-सहा जणांनी डोळे फाडून मोजलेलं मी ऐकलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"बरं," मी म्हणालो. "चौदा."

ती जिना उतरून खाली गेली, तिच्या जागेवर बसली आणि सुनेला म्हणाली, "ताट." मी तिच्याशेजारी बसलो, पण हातभर लांब.