चार लांब, चार आखूड

"हळू, तुळशा. होडी चाललीया हे पाण्यालासुद्धा कळू नये."

गेनबादादाचा हा आवाज तुळशीरामच्या कानात चाळीस वर्षांपूर्वी शिरला, तो अजून बाहेर पडलेला नाही. थोरल्या भावाला जाऊन वर्ष होत आलंय. तरी दुपारची भाकरी खाऊन धरणाकाठच्या छपरात बाजेवर पाठ टेकली, पापण्या जड झाल्या, की तो आवाज उशाशी येऊन बसतो.

आज तर डोळाही धड लागत नाही. सकाळीच इठावहिनीचा निरोप आलाय, तुमच्या दादाच्या गळाच्या काठ्या धूळ खात पडल्यात, त्यांचं काय करायचं ते सांगा. तुळशीराम या कुशीवर वळतो, त्या कुशीवर वळतो. बाज करकरते, करकरते, आणि करकरता करकरता डुलायला लागते. खाली पाणी असतं.

पुढं दादा बसलेला. पाठमोरा.

"आलास? वल्हं घे."

"दादा, तू तर..."

"वल्हं घे रं आधी. गप्पा काय, पळून चालल्यात व्हय?"

होडीच्या तोंडाशी आठ काठ्या पिसाऱ्यासारख्या पसरल्यात. एक नऊ हातांची लांब, एक पाच हातांची आखूड, अशा आळीपाळीनं. म्हणून तर आठ दोऱ्या आठ वाटांनी जातात, एकीच्या पायात दुसरी येत नाही. दादा एकेक शेंडा बोटानं वाकवून बघतो.

"बांबू भरीव बघावा, पेरं जवळजवळ बघावीत. पण शेंडा लवला पाहिजे. मासा लागला की हिसडा न्हाई, नुसतं उचलायचं. झोपलेलं लेकरू उचलतो तसं."

तुळशीराम वल्हं पाण्यात घालतो, काढतो. दोऱ्या सरळ, ओळंब्यासारख्या. तिरक्या झाल्या की समजायचं, घाई झाली.

होडी बाजारपेठेत शिरते. रस्त्यात गुडघाभर पाणी, तरी शिंप्याचं मशीन चालू आहे, बांगडीवाली बांगड्या भरते आहे. कुणी वर बघत नाही. पुढं पाराजवळ पाणी संपतं. पारावर पंच बसलेत, आणि त्यांच्या पुढ्यात त्याच आठ काठ्या.

हा दोघा भावांच्या वाटणीचा दिवस.

"तू धाकटा," दादा म्हणतो. "आधी तू उचल."

आणि तुळशीरामचे हात आपोआप, जसे तेव्हा गेले तसेच, चार लांब काठ्यांकडं जातात. चार तुला, चार त्याला, बरोबर झालं, असं पंच म्हणतात. पंच शेतकरी माणसं, त्यांना काय ठाऊक? चार लांब काठ्यांवर एकट्यानं मासेमारी होते. चार आखूड काठ्यांवर होत नाही, शेंडे जवळजवळ येतात आणि दोऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. तुळशीरामला हे ठाऊक होतं. दादाला तर होतंच. तरी दादानं आखूड काठ्या खांद्यावर टाकल्या आणि तो चालू लागला. पुढची अकरा वर्षं तो आपली होडी काठाला लावून गुंता सोडवत राहिला. तुळशीराम लांबून बघायचा आणि होडी दुसरीकडं वळवायचा.

आताही दादा गुंताच सोडवतोय. पार नाही, पंच नाहीत, नुसता चिखलाचा काठ आहे.

"दादा, मला एक सांगायचंय."

"सांग की."

तुळशीराम तोंड उघडतो. शब्द येत नाही, दोरी येते. ओढतो, ओढतो, संपत नाही. दादा ती हातावर गुंडाळत जातो आणि हसतो.

"केवढी साठवलीस रं पोटात! जाळं झालं असतं एक."

हसता हसता तो होडीत बसतो, होडी सुटते. तुळशीराम पाण्यात उतरतो, दुसरी होडी मिळते, तो जीव खाऊन वल्हं मारतो. दादा लांबच. दोऱ्या सगळ्या वर येऊन तरंगायला लागतात.

"थांब! ऐकून तर जा!"

"भावजी, अवो भावजी!"

तो उठून बसतो. उन्हं कलती झालीत. तोंडाचा कोपरा चुरचुरतो. बोट लावून बघतो तर रक्ताची बारीक रेघ, दोरीनं कापल्यागत.

दारात इठावहिनी उभी आहे, खांद्यावर चार आखूड काठ्या.

"निरोपाला उत्तर न्हाई, म्हणून मीच आले. आणि ओठाला काय झालं? झोपेत कुणाशी भांडत हुता?"

वहिनी काठ्या कुडाला टेकवते, पदरानं घाम पुसते.

"शेजारी मागतोय टोमॅटोला लावायला. म्हटलं, आधी तुमास्नी इचारावं. तुमचा दादा बी असला भोळा! वाटणीत चांगल्या सोडून ह्या उचलून आणल्या. काय अक्कल म्हणून मी अकरा वर्षं बोलले त्यास्नी. जेवताना बोलले, दुखण्यात बोलले. एका शब्दानं उलटून बोलले न्हाईत."

तुळशीराम बाजेवरून खाली, तिच्या पायांपाशी जमिनीवर बसतो.

"वहिनी, दादानं न्हाई निवडल्या. आधी मी उचलल्या. आखूड काठ्यांवर त्याचं भागायचं न्हाई हे ठाऊक असून मी लांब उचलल्या."