एक लादी, एक रोप

परळच्या आमच्या चाळीत कुंडीतली तुळस जगवायची म्हटली तरी मारामार. पण त्या वर्षी मंदी आली, कर्ते पुरुष भरदिवसा गॅलरीत दिसू लागले, आणि सगळ्यांनी मिळून कर्जतकडे जमीन खंडाने घ्यायची, भाजी पिकवायची आणि वाटून घ्यायची असं ठरलं.

ते दिवस मला अर्धवट झोपेतले वाटतात. संध्याकाळी गॅलरीच्या लाद्यांवर खडूने शेत आखलं जायचं. इथे वांगी, तिथे मिरची, जिन्यापाशी विहीर. मुलं त्यातून धावली की बायका ओरडायच्या, "अरे, रोपं तुडवू नका!" एकदा कपडे वाळत घालायला मीसुद्धा बांधाच्या कडेकडेने गेले.

माझा नवरा मात्र दारातूनच बघायचा. प्रेसमधून त्याला कामावरून कमी केलं होतं. तेव्हापासून तो घरातही अंग चोरून बसायचा, बोलायचा जवळजवळ नाहीच. हा माणूस असाच विझून जाईल, अशी मला भीती वाटायची. रविवारी शेतावर जाणाऱ्या टेम्पोत मी त्याला ढकलूनच बसवायची.

वांगी आम्ही गॅलरीच्या मापानेच लावली. एक लादी, एक रोप. एका खोलीत अख्खा संसार केलेल्या आम्हाला याहून जास्त जागा कोणाला लागते, हे सुचणार कुठून? काही आठवड्यांत रोपं एकमेकांच्या अंगावर रेलली, पिवळी पडली. खालच्या मजल्यावरचे काका मोबाइलवर बघून म्हणाले, "एकाआड एक उपटून टाकायला लागणार रे."

"थांबा!" नवरा ओरडला. त्याचा एवढा आवाज मी विसरूनच गेले होते. "त्यांनी काय वाकडं केलंय तुमचं?"

बांधापलीकडे पडीक पट्टा होता. ऊन उतरल्यावर तो एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट तिकडे नेऊन लावू लागला, मध्ये ऐसपैस जागा सोडून. थोड्या वेळाने काका डबा घेऊन त्याच्यामागे पाणी घालत निघाले.

निघायच्या वेळी सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मला रडूच आलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"तू हो पुढे," नवरा म्हणाला. "मी राहतो. सकाळी पाणी लागेल त्यांना."

सकाळी मी पाणी भरत असताना त्याचा फोन आला.

"उठली गं," तो म्हणाला. "सगळी नाही. पण उठली."

बादली भरून वाहू लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.